नेम चुकला तरी चालेल

परवाच्या शनिवारी रात्री साडेअकराला आमच्या हॉलमध्ये दुसरं महायुद्ध चालू होतं. नवीन काही नाही, दर वीकेंडला असतं. आमचा भावड्या आयटीत आहे. आठवडाभर क्लायंटचं ऐकून घेतो आणि शनिवारी त्याचा सूड जर्मन विमानांवर उगवतो. मी बाजूला बीनबॅगवर लॅपटॉप मांडून एका डेडलाइनकडे मनापासून दुर्लक्ष करत बसले होते. स्क्रीनवर विमानविरोधी तोफ, तोफेमागे भावड्या आणि समोर आकाशभर विमानं. धाड धाड धाड धाड. एक गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यानं पेट घेतला आणि ते झाडांमागे जाऊन कोसळलं. चार मिनिटांत अकरा. भावड्यानं स्वतःच स्वतःला टाळी दिली.

आणि मागून आवाज आला, ''गोळे कोन भरतंय रं?''

आबा. म्हणजे आईचे चुलते. गाव साताऱ्याकडचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस आमच्याकडे आलेत. डोळ्यांवर तो हॉस्पिटलवाला काळा गॉगल, अंगात बंडी. दर दोन तासांनी डोळ्यांत थेंब. टीव्ही बघायला डॉक्टरांनी मनाई केलीय, त्यामुळे ते टीव्ही 'ऐकायला' येऊन बसतात.

''कोणी नाही भरत आबा. आपोआप भरतात.''

''आपोआप? आन् संपत न्हाईत?''

''नाही.''

''मग काय, मजाच हाय,'' म्हणाले आणि सोफ्यावर मांडी घालून बसले.

आता हे सांगायला हवं, की आबा फौजेत होते. १९७१ च्या लढाईत ते पंजाबातल्या एका विमानतळाशेजारी विमानविरोधी तोफेवर होते. तोफ बोफोर्स. थांबा, लगेच दलालीकडे जाऊ नका! आपल्या पिढीला बोफोर्स म्हटलं की १९८६ चा तो करार आणि त्यानंतरचा गदारोळच आठवतो. ती लांब पल्ल्याची १५५ मिलिमीटरची तोफ. आबांची म्हणजे तिची थोरली बहीण. ४० मिलिमीटरची, स्वीडनमध्ये १९३० च्या दशकात तयार झालेली. दुसऱ्या महायुद्धात ती इतक्या देशांकडे होती, की कुठल्याही वॉर फिल्ममध्ये लांब नळीची, तोंडाशी नरसाळं लावल्यासारखी दिसणारी तोफ दिसली, की डोळे झाकून बोफोर्स म्हणावं.

त्या तोफेवर भावड्यासारखा एकटा वीर नसतो. एक जण एका बाजूला बसून हँडल फिरवतो, नळी डावी-उजवीकडे जाते. दुसरा दुसऱ्या बाजूला बसून नळी वर-खाली करतो. मागे एक जण उभा राहून चार-चार गोळ्यांची क्लिप वरून आत सारत राहतो. त्याला गोळे आणून देणारे वेगळे. हुकूम देणारा वेगळा. मिनिटाला शंभराच्या वर गोळे सुटतात, म्हणजे क्लिप सारणाऱ्याला श्वास घ्यायला सवड नाही.

आबा क्लिप सारणारे होते. लोडर.

''मग तुम्ही किती विमानं पाडलीत आबा?'' भावड्यानं विचारलं. हा प्रश्न आम्ही लहानपणापासून विचारतोय आणि दरवेळी आबा हसून तंबाखूची पुडी शोधायला लागतात. या वेळी पुडी डॉक्टरांनी बंद केली होती. म्हणून असेल, पण ते म्हणाले, ''म्या इमान बघितलंच न्हाई.''

त्या रात्री माझी डेडलाइन गेली ती गेलीच. पण 'विमान बघितलंच नाही' हे वाक्य काही डोक्यातून जाईना. मग मी आठवडाभर जे करायला नको तेच केलं. सिनेमे पाहिले, गेम्स खेळले, आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट शोधली. तोफेच्या मागच्या बाजूला काय चाललंय, हे कोणी दाखवतं का?

सिनेमापासून सुरुवात करू. 'मेम्फिस बेल' (१९९०) घ्या किंवा अगदी अलीकडची, २०२४ ची 'मास्टर्स ऑफ द एअर' ही सिरीज घ्या. कॅमेरा विमानात. बाहेर निळं आकाश आणि त्यात अचानक उमटणारे काळे पुंजके. फटाक. फटाक. विमान हादरतं, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज येतो, कोणाच्या तरी शेजारचा मित्र खाली कोसळतो. जबरदस्त चित्रण आहे, प्रश्नच नाही. मी 'मास्टर्स'चे एपिसोड बघताना कुशन इतकं आवळलं, की त्याची शिवण उसवली. पण एक लक्षात आलं. हे काळे पुंजके कोण उडवतंय, ते आपल्याला जवळजवळ कधीच दिसत नाही. ते हवामानासारखे असतात. पाऊस आला, गारा आल्या, फ्लॅक आला. (फ्लॅक म्हणजे विमानविरोधी तोफेला जर्मन भाषेत जे लांबलचक नाव आहे, त्याचं शॉर्टफॉर्म. जर्मन लोकांनाही ते पूर्ण नाव म्हणायचा कंटाळा येत असणार.)

खाली कोण होतं, ते पुस्तकांत सापडतं. १९४३ च्या फेब्रुवारीपासून जर्मनीनं शाळेतली पंधरा-सोळा-सतरा वर्षांची मुलं या तोफांवर मदतनीस म्हणून लावली. सकाळी मास्तर तिथेच येऊन लॅटिन शिकवणार, रात्री हीच मुलं गोळे वाहणार. पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झालेले योझेफ रात्सिंगर त्यांतलेच एक. त्यांची तुकडी म्युनिकजवळच्या बीएमडब्ल्यूच्या कारखान्याच्या संरक्षणाला होती. नोबेल मिळवलेले लेखक ग्युंटर ग्रास हेही असेच पोरवयात तोफखान्यावर. म्हणजे वर विमानात वीस-बावीस वर्षांची अमेरिकन पोरं, खाली त्यांच्याहून लहान जर्मन पोरं, मध्ये सात किलोमीटर हवा. आणि सिनेमा फक्त वरच्यांचा.

ब्रिटनची गंमत आणखी वेगळी, आणि इथे माझ्यातली फेमिनिस्ट जागी झाली. १९४१ पासून तिथे स्त्री-पुरुषांच्या मिश्र तुकड्या होत्या. विमानाची उंची मोजणं, सर्चलाइट चालवणं, नेमाचं गणित करणाऱ्या यंत्रावर बसणं ही सगळी कामं मुली करायच्या. चर्चिलची धाकटी मुलगी मेरीसुद्धा त्यात होती. पण प्रत्यक्ष गोळा उडवायचा? तो मात्र पुरुषानंच! बायकांनी जीव घेणं बरं दिसत नाही म्हणे. विमान कुठे आहे, किती उंच आहे, कुठे असेल, हे सगळं काढून द्यायचं ताईनं आणि खटका ओढायचा दादानं. ऑफिसातली प्रेझेंटेशन्स आठवली की नाही?

रशियात असली लाजबिज नव्हती. तिथल्या मुली तोफाही चालवत. १९४२ च्या ऑगस्टमध्ये जर्मन रणगाडे स्टालिनग्राडच्या वेशीवर पोचले, तेव्हा आधी आडवी आली ती मुलींची विमानविरोधी रेजिमेंट. त्यांनी आकाशाकडची नळी जमिनीला समांतर केली आणि रणगाड्यांवर मारा केला, तोफा संपेपर्यंत. रशियन सिनेमात या मुलींना जागा मिळाली. १९७२ चा 'द डॉन्स हिअर आर क्वाएट' नक्की बघा. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये युद्ध आणि मुलींच्या आठवणी रंगीत, अशी उलटी मांडणी आहे. ऑस्करच्या परभाषिक यादीत पोचला होता. पण तिथेही तोफा सुरुवातीलाच मागे पडतात आणि मुली बंदुका घेऊन जंगलात जातात. तोफेवर उभं राहून सिनेमा पुढे सरकत नाही ना, दिग्दर्शकाचीही अडचण असते.

त्यामुळेच की काय, हॉलिवूडला ही तोफ खरी आवडते ती चुकीच्या दिशेला वळवलेली. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'च्या (१९९८) शेवटच्या लढाईत जर्मन एक २० मिलिमीटरची तोफ ढकलत आणतात आणि माणसांवर चालवतात. विमानासाठी बनवलेली गोळी माणसाला लागली की काय होतं, ते स्पीलबर्ग दाखवतो. मला दोन वेळा तिकडे बघता आलं नाही. याच स्पीलबर्गनं १९७९ मध्ये '१९४१' नावाची एक आचरट कॉमेडी काढली होती. तिच्यात एका सज्जन गृहस्थाच्या अंगणात सैन्य बोफोर्स आणून ठेवतं आणि तो गृहस्थ शत्रूवर मारायच्या नादात स्वतःच्याच घराचा चुराडा करतो. अतिशयोक्ती वाटते ना? पण मूळ घटना खरी आहे. १९४२ च्या फेब्रुवारीत एका रात्री लॉस एंजेलिसच्या तोफांनी जपानी विमानं आली असं समजून चौदाशेच्या वर गोळे उडवले. वर कोणीच नव्हतं. त्या गोंधळात खाली मात्र माणसं दगावली. कोणी रस्त्यावरच्या अपघातात, कोणी हार्ट अटॅकनं.

आता गेम्स. भावड्याशी शत्रुत्व पत्करून बोलतेय. गेम्समध्ये ही तोफ दोन कामांसाठी असते. एक, तुम्ही जाऊन ती उडवून द्यायची. २००३ च्या पहिल्या 'कॉल ऑफ ड्यूटी'त एडर धरणावरच्या तोफांना सुरुंग लावायचे होते, तेव्हापासून हे मिशन इतक्या वेळा आलंय, की जर्मनीत एकही तोफ शिल्लक राहायला नको. २००७ च्या 'मेडल ऑफ ऑनर: एअरबोर्न'चा क्लायमॅक्स तर एका अख्ख्या फ्लॅक टॉवरमध्ये आहे. काँक्रीटचा राक्षसी किल्ला, वर तोफा. गेममध्ये तो एसेन शहरात आहे. असे टॉवर्स खरोखर होते, पण बर्लिन, हॅम्बुर्ग आणि व्हिएन्नामध्ये. एसेनमध्ये नव्हे. भिंती साडेतीन मीटर जाड. आणि गेम सांगत नाही ती गोष्ट म्हणजे, हे टॉवर्स हजारो सामान्य लोकांसाठी आसरा होते. बाया, पोरं, म्हातारे बॉम्बहल्ल्यात तिथे कोंबून बसायचे. युद्धानंतर ते पाडणंही सोपं नव्हतं, इतके भक्कम. आज व्हिएन्नाच्या एका टॉवरमध्ये मत्स्यालय आहे आणि हॅम्बुर्गच्या टॉवरवर पाच मजले चढवून, झाडं लावून २०२४ मध्ये चक्क हॉटेल सुरू झालंय. युरोप ट्रिपचं बघत असाल तर लिस्टमध्ये टाका.

दुसरं काम म्हणजे भावड्या करतो ते. तोफेवर बसा आणि माश्या माराव्यात तशी विमानं मारा.

इथे आबांचा दुसरा डायलॉग. रविवारी सकाळी पोहे खाताना ते अचानक म्हणाले, ''त्यो पोरगा इमानावर मारत व्हता. इमानावर कशाला मारायचं? इमान तितं ऱ्हातंय व्हय?''

बरोबर आहे. जर्मनीची ती प्रसिद्ध ८८ मिलिमीटरची तोफ घ्या. सहा-सात किलोमीटर उंचीवरच्या बॉम्बरपर्यंत तिचा गोळा पोचायला पंधरा-वीस सेकंद लागत. तेवढ्यात विमान किलोमीटरभराहून जास्त पुढे गेलेलं असणार. म्हणजे विमान गुडलक चौकात दिसतंय, तर तोफ फर्ग्युसनच्या गेटच्याही पुढे रोखायची. गोळा किती सेकंदांनी फुटणार, ते उडवण्याआधीच गोळ्याच्या नाकावर सेट करायचं. आणि पायलटनं मधल्या काळात किंचित वळण घेतलं, की सगळं गणित कचऱ्यात. १९४४ मध्ये अशा ८८ तोफांना एक विमान पाडायला सरासरी सोळा हजार गोळे लागले, असा हिशेब आहे. एका गोळ्याचं वजन नऊ किलोच्या आसपास. चार मिनिटांत अकरा विमानं पाडणाऱ्या भावड्याला मी हा आकडा सांगितला. त्यानं हेडफोन घातले.

ब्रिटिशांचीही हीच रड होती. १९४० मध्ये जर्मन विमानं येऊ लागली तेव्हा एका विमानामागे वीस हजार गोळे. मग पॅट्रिक ब्लॅकेट या फिजिक्सवाल्याला बोलावलं. त्यानं आपली शास्त्रज्ञांची टोळी तोफांच्या तळावर नेली, रडार आणि नेमाच्या यंत्राचा मेळ नीट बसवून दिला आणि पुढच्या वर्षी आकडा चार हजारांवर आला. या ब्लॅकेटची एक गोष्ट मला फार आवडली. आकडेवारीत दिसत होतं, की समुद्रकाठच्या तोफा आतल्या भागातल्या तोफांपेक्षा दुप्पट परिणामकारक आहेत. का बरं? रडार चांगलं? हवा स्वच्छ? पोरं जास्त हुशार? डोकं खाजवून झाल्यावर उत्तर सापडलं. आतल्या भागात विमान पाडलं म्हटलं की सांगाडा दाखवावा लागायचा. समुद्रकाठची मंडळी म्हणायची, 'पडलं की! तिकडे पाण्यात.' सेल्स टीममध्ये असाल, तर या तोफखान्याशी तुमचं नातं लगेच जुळेल. हेच ब्लॅकेट स्वातंत्र्यानंतर नेहरूंचे संरक्षण आणि विज्ञानातले सल्लागार होते, आणि १९४८ चं फिजिक्सचं नोबेलही त्यांचंच.

आणि आयटीवाल्यांनो, तुमचा तर थेट संबंध आहे. पळणारं विमान पुढे कुठे असेल, याचं गणित अमेरिकेत नॉर्बर्ट वीनर नावाचे गणिती करत होते. त्यांचं यंत्र युद्धात वापरलं गेलंच नाही. पण त्या विचारातून त्यांनी १९४८ मध्ये एक पुस्तक लिहिलं, 'सायबरनेटिक्स'. आपण सायबर कॅफे, सायबर क्राइम, सायबर सिक्युरिटी म्हणतो ना, त्यातलं 'सायबर' तिथून निघालं. १९४४ मध्ये लंडनवर उडते बॉम्ब येऊ लागले, तेव्हा रडार, गणिती यंत्र आणि गोळ्याच्या टोकात बसवलेला इवलासा रेडिओ या तिघांनी मिळून कमाल केली. सुरुवातीला तोफांच्या टप्प्यात आलेल्यांपैकी १७ टक्के पडत होते, काही आठवड्यांत ते प्रमाण ७४ टक्क्यांवर गेलं. यावर मात्र ब्लॉकबस्टर नाही. हीरो कोण घेणार? रेडिओ?

गंमत म्हणजे, या गणिताच्या सगळ्यात जवळ जाणारा गेम मला सापडला तो १९८० चा. अटारीचा 'मिसाइल कमांड'. दुसऱ्या महायुद्धाचा नाही, अणुयुद्धाचा आहे. नुसत्या रेघा आणि ठिपके. वरून क्षेपणास्त्रं येतात, खाली तुमची सहा शहरं. त्यात तुम्ही क्षेपणास्त्रावर मारायचं नसतं, त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेत मारायचं असतं. दारूगोळा मोजका. आणि जिंकणं नाहीच, कधी ना कधी शहरं जाणारच. शेवटी स्क्रीनवर 'गेम ओव्हर' येत नाही. 'द एंड' येतं. तो बनवणारा डेव्ह थ्यूरर सांगतो, की त्याला त्या काळात शहरं जळतानाची स्वप्नं पडायची. मी मोबाइलवर तसलाच एक गेम डाउनलोड करून खेळले. सहा मिनिटांत माझी सगळी शहरं बेचिराख. बघून आबा खूश झाले. ''ह्ये बराबर हाय,'' म्हणाले.

एव्हाना तुम्ही विचाराल, इतके गोळे फुकट जात होते तर तोफा ठेवल्या कशाला? मीही आबांना हेच विचारलं. संध्याकाळी, गॅलरीत. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली.

डिसेंबरमधली संध्याकाळ. अंधार पडत होता. भोंगा झाला. आबा तेव्हा एकवीस वर्षांचे, माझ्याहून लहान. ''हुकूम आला आन् म्या सारायला लागलो. खाली बघून. वर बघायची सोय न्हाई, क्लिप तिरकी गेली की तोफ अडकली. कानात दडा बसला. नळी तापून त्येचा वास. किती येळ, म्हाईत न्हाई. हात थांबला तवा कळलं, थांबलंय.''

''आणि विमानं?''

''आली आन् गेली. एक पन पडलं न्हाई.''

मला वाटलं गोष्ट संपली. मला वाईटही वाटायला लागलं. आबा म्हणाले, ''आगं पन बाम शेतात पडलं की त्येंचं! सायेब सकाळी म्हनला, शाब्बास. समूर जाळ दिसला की पायलट वर जातो, वर गेला की त्येचा नेम चुकतो. आपला चुकला तरी चालतंय, त्येचा चुकला पायजे.''

एवढंच काम होतं तोफेचं. जर्मनीत, इंग्लंडमध्ये, पंजाबात. वरच्याला आणखी वर ढकलायचं, घाई करायला लावायची, नेम बिघडवायचा. पण हे स्कोअरबोर्डवर कसं दाखवणार? 'अभिनंदन! आज तुमच्यामुळे एक धावपट्टी वाचली आणि तुम्ही कशालाही हिट केलं नाही.' असला गेम कोण विकत घेईल?

आबा पुढे म्हणाले, ''दुसऱ्या दिशी बाजूच्या गावातलं एक सरदारजी आलं. म्हातारं मानूस. हातात लोखंडाचा तुकडा, यवढा. म्हनलं, ये आपका है. त्येंच्या गोठ्याचा पत्रा फोडून आत आलता. म्हस मेली.''

''मग? भांडले?''

''न्हाई. तुकडा दिला आन् गेलं.''

वर उडवलेला गोळा विमानाला लागला नाही, तर तो कुठे जातो? इतके सिनेमे बघून मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. मायकेल बेचा 'पर्ल हार्बर' (२००१) कॉलेजात असताना बघितला होता, तो परत लावला. त्यात क्यूबा गुडिंग ज्युनिअर डोरिस मिलरचं काम करतो. मिलर हे खरं पात्र. युद्धनौकेवर वाढपी, कारण कृष्णवर्णीयांना तेव्हा नौदलात जवळपास तेवढंच काम मिळे. तोफेचं, मशीनगनचं शिक्षण नाही. ७ डिसेंबर १९४१ ला हल्ला झाला, तेव्हा त्यानं जखमी कॅप्टनला हलवायला मदत केली आणि मग मोकळी पडलेली विमानविरोधी मशीनगन हातात घेतली, गोळ्या संपेपर्यंत सोडली नाही. त्याला नेव्ही क्रॉस मिळालं. १९४३ मध्ये त्याचं जहाज बुडालं आणि त्यात तो गेला. सिनेमात तो विमान पाडतो, आपण टाळ्या वाजवतो. प्रत्यक्षात त्याच्या गोळ्यांनी नक्की काय पडलं, याचा पक्का हिशेब नाही, आणि मला तर तो नसल्यानं काही फरकच पडत नाही.

पण सिनेमा जे दाखवत नाही ते असं. त्याच सकाळी बंदराशेजारच्या होनोलुलू शहरात चाळीसेक स्फोट झाले. त्यांतला एक सोडला, तर बाकी सगळे अमेरिकेच्याच तोफांचे गोळे होते. हवेत न फुटता परत खाली आलेले. दुकानांवर, घरांवर, रस्त्यावरच्या गाड्यांवर. मेलेल्या नागरिकांपैकी बरेचसे यांत गेले. त्याच रात्री 'एंटरप्राइज' या अमेरिकन जहाजावरची अमेरिकन विमानं उतरायला आली, तर घाबरलेल्या तोफांनी त्यांनाच पाडलं. तीन तासांच्या सिनेमात प्रेमाच्या त्रिकोणाला भरपूर वेळ आहे, याला नाही.

हे दाखवणारा एक सिनेमा मला सापडला, आणि तो निघाला ॲनिमेशन. २०१६ चा जपानी 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड'. कुरे हे नौदलाचं बंदर, तिथे लग्न होऊन आलेली सुझू. तिला चित्रं काढायची आवड. १९४५ च्या मार्चमध्ये पहिला मोठा हवाई हल्ला होतो, तेव्हा ती डोंगरउतारावर शेतात उभी आहे. वर तोफांचे गोळे फुटतायत. धूर काळा नाही, रंगीत. लाल, निळा, पिवळा. जपानी नौदल खरंच असे रंगीत गोळे वापरायचं, कोणाचा गोळा कुठे फुटला ते कळावं म्हणून. सुझू बघतच राहते. तिच्या मनात आकाशावर कुंचल्याचे ठिपके उमटायला लागतात आणि तिला वाटतं, आत्ता हातात रंग हवे होते. तेवढ्यात सासरे तिला खाली ढकलून स्वतः वर आडवे होतात. आणि आजूबाजूच्या मातीत टपटप, टपटप तुकडे पडायला लागतात. आपलेच. मी तो सीन आबांना वर्णन करून सांगितला. ते काही बोलले नाहीत, नुसतं पायाच्या अंगठ्यानं गॅलरीची फरशी उकरत राहिले.

जाता जाता एक. मे २०२५ मध्ये सीमेवर ड्रोन्स आली, तेव्हा आपल्या सैन्यानं ती पाडायला आबांच्या बोफोर्सचीच धाकटी, सुधारलेली एल-७० वापरली. बातमी आली तेव्हा आबांनी गावाहून फोन करून आईला दोनदा सांगितलं. पण त्याच दिवसांत आमच्या फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता. रात्रीचं आकाश, खालून लाल रेघांची धार, वर विमान, धडाम. मी पण फॉरवर्ड केला, कबूल करते. मास कॉमची डिग्री घेऊन! तसले बरेच व्हिडिओ 'आर्मा थ्री' या गेममधले होते, हे फॅक्ट-चेकवाल्यांनी नंतर दाखवून दिलं. तो गेम बनवणाऱ्या कंपनीनं तर २०२२ मध्येच पत्रक काढलं होतं, की बाबांनो, आमचे व्हिडिओ युद्धाच्या बातम्या म्हणून फिरतायत. ओळखायच्या खुणाही दिल्या होत्या : अंधार, हलता कॅमेरा, खराब क्वालिटी, आणि चित्रात हलतीफिरती माणसं नाहीत. तो व्हिडिओ मी आता परत बघितला. खरंच, एकही माणूस नाही. तोफ आपोआप चाललीय.

काल परत शनिवार होता. आबा उद्या गावी जाणार म्हणून भावड्यानं मोठ्या मनानं कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. ''आबा, आज तुम्ही मारा.'' गॉगल आता गेलाय. आबांनी कंट्रोलर उलटा-सुलटा करून बघितला, बटणं चाचपली.

''ह्यात लोडर व्हता येतं का?''

भावड्यानं मेनू उघडला. सेटिंग्ज बघितली. माझ्याकडे बघितलं.

''नाही आबा.''

''मग तूच मार,'' म्हणाले आणि खिशातून थेंबांची बाटली काढून माझ्या हातात दिली. मग सोफ्यावर डोकं मागे टेकून, डोळे उघडे ठेवून, वर बघत बसले.